बट्टिकलोआचे गाणारे मासे आणि जेम्स टेनंट

श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर बहुतेक पर्यटक जातात ते पासिकुडाच्या समुद्रस्नानासाठी. मी बट्टिकलोआला गेलो ते तिथल्या खारकच्छातून रात्री येणाऱ्या आवाजांविषयी सर जेम्स इमर्सन टेनंट यांनी लिहिलेली काही पाने वाचून. बेलफास्टचे हे माजी खासदार १८४५ ते १८५० या काळात सिलोनच्या ब्रिटिश सरकारात वसाहत सचिव होते. बेटाचा इतिहास, भूगोल आणि प्राणिसृष्टी यांवरचे त्यांचे ग्रंथ पुढे १८५९ आणि १८६१ साली निघाले.

चांदणे चढल्यावर आमची होडी कल्लडीच्या पुलापासून जरा दूर जाऊन थांबली. वयस्क तमिळ नावाड्याने वल्ह्याचे पाते पाण्यात सोडले आणि दांड्याचे टोक कानाशी धरायला सांगितले. आधी पुलावरच्या वाहनांची घरघरच तेवढी आली; ती ओसरल्यावर मात्र लाकडातून बारीक, तुटक सूर येऊ लागले, काही किनरे, काही खर्जातले. टेनंट यांनीही होडीच्या लाकडाला कान लावला होता. ओल्या बोटाने काचेच्या पेल्याची कड घासल्यावर निघतो तसा तो नाद असल्याचे ते लिहितात, आणि हा एकच लांबलेला सूर नसून असंख्य सूक्ष्म सुरांचा मेळ आहे, हेही बारकाईने नोंदवतात. कोळ्यांनी काढून दिलेले शिंपले त्यांनी तपासले. त्यांचा संशय माशांपेक्षा शिंपल्यांतल्या जिवांवर अधिक होता. आमच्या नावाड्याला हे मुळीच पटले नाही. मट्टक्कळप्पू, म्हणजे तमिळ नावाने बट्टिकलोआ, हा मासे गातात तो मुलूख आहे, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

टेनंट यांची ती रात्र सप्टेंबर १८४८ मधली, आणि ही तारीख मला नावेतही स्वस्थ बसू देत नव्हती. त्या महिन्यात कँडीच्या मुलखात लष्करी कायदा लागू होता. कुत्री, बंदुका आणि दुकाने यांवर कर बसवून, शिवाय वर्षाकाठी सहा दिवस रस्त्याचे काम किंवा त्याबदली पैसे मागून सरकारने शेतकऱ्यांचा उठाव ओढवून घेतला होता, आणि त्याचा पुढारी पुरन अप्पू याला ऑगस्टमध्येच गोळ्या घातल्या होत्या. त्या सरकारात गव्हर्नर टॉरिंग्टन यांच्याखालोखाल टेनंट यांचेच स्थान होते. शिंपल्यांविषयी नावाड्यांना इतके खोदून विचारणाऱ्या माणसाने कुत्र्यावरच्या कराबद्दल एखाद्या शेतकऱ्यालाही विचारायला हवे होते, असे माझे मत आहे. लंडनच्या संसदीय समितीपुढे चौकशी झाली आणि दोघांचीही सिलोनमधली कारकीर्द १८५० साली आटोपली.

मराठी वाचकाने न चुकवावी अशी एक तळटीप त्यांच्या ग्रंथात आहे. जानेवारी १८४७ च्या 'बॉम्बे टाइम्स'च्या हवाल्याने ते सांगतात की, साष्टीकडून शिवडीच्या दिशेने होडीने येणाऱ्या काही मंडळींना सूर्यास्ताच्या सुमारास दूरच्या घंटेसारखा घुमणारा नाद ऐकू आला, आणि नावाड्यांनी तो माशांचा असल्याचे सांगितले. शिवडीच्या कोळ्यांना याविषयी विचारायचे मी ठरवले आहे. होडी मिळेल, वल्हे मात्र शोधावे लागेल, कारण तिकडे आता इंजिनाचाच कारभार आहे.