जीप अपडेट: चेसी फोर्डची, इंजिन विलीजचं

दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन सैन्याची जीप दुरुस्त करतोय, तिची चेसी सँडब्लास्टिंगवरून (वाळूच्या माऱ्याने साफ होऊन) परत आली. ही जीप विलीज आणि फोर्ड अशा दोन कंपन्यांनी बनवली. रंगाचे थर आणि त्याखालचा काळा चिकटा गेला आणि गाडीचं कूळ कळलं. रेडिएटरखालचा क्रॉस मेंबर, म्हणजे चेसीचा आडवा दांडा, गोल पाइपचा असता तर ती विलीजची एमबी. आपला निघाला उलट्या यू आकाराचा, म्हणजे फोर्डची जीपीडब्ल्यू. डाव्या रेलच्या (चेसीच्या लांब तुळईच्या) वरच्या अंगाला, इंजिन माउंटजवळ, टॉर्च तिरपा धरला की ठोकलेला नंबरही दिसतो. शेवटचे आकडे गंजाने खाल्लेत. एमबीची नंबरपट्टी पुढच्या टोकाला आतून रिव्हेट मारलेली असते, इथे तिची भोकंसुद्धा नाहीत.

आरसी बुकात मात्र विलीज लिहिलंय. तेही अगदी खोटं नाही, कारण इंजिनाच्या ब्लॉकवर नंबराआधी ‘एमबी’ आहे. १९४० साली पहिली जीप बँटम कंपनीने करून दाखवली, पण एवढ्या छोट्या कंपनीला सैन्याची मागणी झेपणारी नव्हती. इंजिनाच्या जोरावर विलीजचं डिझाइन पक्कं झालं आणि फोर्डने त्याच ड्रॉइंगवरून पावणेतीन लाखांवर गाड्या काढल्या. एकीचा भाग दुसरीला बसलाच पाहिजे, ही सैन्याची अट. तरी फोर्डवाल्यांनी बोल्टच्या डोक्यावर आपला ‘एफ’ उठवलाच! सगळे बोल्ट डिझेलमध्ये भिजवून घासले, एफवाले वेगळ्या डब्यात ठेवलेत.

आता ‘फोर्डचंच इंजिन शोध’ असं काही जण म्हणतील. मला पटत नाही. सैन्याच्या वर्कशॉपात इंजिनं बदलली जायचीच. शिवाय पुढचं कव्हर उघडलं तर टायमिंग चेन (कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी) दिसली. युद्धानंतर चेनच्या जागी गिअर आले. म्हणजे ब्लॉक युद्धकाळातला, आणि मधल्या कुणा मालकाने डिझेल इंजिन बसवलं नाही हेच नशीब. चेन मात्र सैल आहे, बदलावी लागेल.

गिअरबॉक्स टी-९० आहे, नंतरच्या सिव्हिलियन जीपचा. मूळच्या टी-८४ पेक्षा दणकट, आणि महिंद्राच्या जुन्या जीपमुळे त्याचे सुटे भाग आपल्याकडे मिळतात. तो काढणार नाही.

पुढचं काम वायरिंग. ६ व्होल्टच ठेवतोय. १२ व्होल्टच्या मानाने करंट दुप्पट लागतो, त्यामुळे बाजारातली नेहमीची बॅटरी केबल पुरणार नाही. स्टार्टरला वेल्डिंगची जाड केबल कापून लावणार. टी-८४ कुणाला हवा असेल तर विचारू नका, तो गाडीबरोबर आलाच नव्हता.