साडी उरते, ब्लाऊज संपतो: आमची वाटचाल

माझ्या नणंदबाई सोलापुरात शिक्षिका. 2013 च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या आमच्याकडे आल्या त्या साड्यांचं गाठोडं घेऊनच. सतरंजीवर एकेक साडी उलगडत म्हणाल्या, "वहिनी, ह्या 11 साड्यांना काही म्हणजे काही झालेलं नाही. पण नेसता येत नाहीत. ब्लाऊज गेले सगळे."

खरंच गेले होते. काखेत विरलेले, घामाने डागाळलेले, दंडात आवळणारे. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. साडी तीन-चारदा नेसून धुतली तरी चालते, ब्लाऊज मात्र रोज पाण्यात जातो. साडीसोबत आलेल्या तुकड्याचा ब्लाऊज दोन-तीन वर्षांत संपतो, तसलंच कापड पुन्हा मिळत नाही, आणि धडधाकट साडी कपाटात घडीवर पडून राहते.

मी तेव्हा गणवेशाच्या कारखान्यात चेकिंगला होते. दिवसभर शिवण, काज, बटण तपासायचं. त्या सुट्टीत मी ताईंना पाच ब्लाऊज शिवून दिले: काळा, मोतिया, विटकरी, बाटली हिरवा आणि मोहरीसारखा पिवळा. कापड घेण्याआधी एकच अट घातली होती. प्रत्येक रंग त्या ढिगातल्या निदान तीन साड्यांवर जायला हवा. जून उजाडला तेव्हा 11 पैकी 9 साड्या पुन्हा शाळेत जाऊ लागल्या होत्या. शिक्षकांच्या खोलीतून पुढची चार गिऱ्हाइकं आली. आमचा धंदा असा सुरू झाला. पूर्व भागात भाड्याची एक खोली घेतली, दोन शिलाई मशीन आणि एक जुनं ओव्हरलॉक. जोडीला अक्का आल्या. त्यांचं तेलुगू-मराठी मला आता घरच्या भाषेसारखं वाटतं आणि त्यांच्या कात्रीवर माझा स्वतःपेक्षा जास्त भरवसा आहे.

तीन साड्यांची अट आजही पाळतो. आमच्याकडे येताना साड्या आणाव्याच लागतात, निदान काठ-पदर नीट दिसतील असे फोटो तरी. ट्यूबलाइटखाली रंग ठरवत नाही, खिडकीपाशी नेतो. बहुतेक बायका ब्लाऊजचा रंग साडीच्या अंगावरून निवडतात. माझं मत आहे की तो काठावरून निवडावा. कारण साड्यांची अंगं शंभर रंगांची असली तरी काठ फिरून फिरून त्याच पाच-सहा रंगांचे असतात: लाल-डाळिंबी, हिरवा, निळा, काळा, जर. इरकल घ्या, नारायणपेठ घ्या, मंगळगिरी घ्या. काठ धरून निवडलेला डाळिंबी ब्लाऊज करड्या साडीवर जातो, काळ्या चंद्रकळेवरही शोभतो.

आणि धूपछाँव कापड तर माझं फार लाडकं. त्यात उभे धागे, म्हणजे ताणा, एका रंगाचे आणि आडवे, म्हणजे बाणा, दुसऱ्या रंगाचे. लाल ताण्यावर हिरवा बाणा असेल तर हात हलला की रंग बदलतो. लाल साडीवर ते लाल वाटतं, हिरव्या साडीवर हिरवं. एका ब्लाऊजच्या पैशांत दोन मिळाल्यासारखे.

2015 च्या दिवाळीत मोठी चूक झाली. ब्रोकेडचं चकचकीत कापड स्वस्तात मिळालं म्हणून 120 तयार ब्लाऊज शिवले, छातीच्या मापावर 34, 36, 38 असे. विकले गेले 31. एक तर ते लग्नाखेरीज कुठे घालण्यासारखे नव्हते. शिवाय छाती 36 असलेल्या दोन बायकांच्या दंडात आणि मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईत, दोन-दोन इंचांचा फरक असतो, हे मी गणवेशाच्या हिशेबात विसरले होते. वर्षभराची बचत त्या खोक्यांत अडकली. तेव्हापासून तयार माल बंद केला. प्रत्येकीचं माप घेतो आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड, सोडतो. माया कमी ठेवली तर कापड वाचतं, बरेच जण तसंच करतात. पण बाईचं अंग दहा वर्षं एकसारखं राहत नाही, आणि ब्लाऊजने तिच्याबरोबर वाढायला हवं. बाही कोपरापर्यंत, गळा साधा गोल किंवा चौकोनी, काखेत आतून मऊ सुती कापडाचा दुहेरी तुकडा. मागचा गळा फॅशनप्रमाणे खाली नेऊन मागणाऱ्यांना आम्ही शिवून देतो, पण रोजच्या वापरातल्या पाचांत तो धरू नका असं सांगतो.

खणाकडे वळलो ते फसगतीतून. एका व्यापाऱ्याने हातमागाचा म्हणून खणाचा गठ्ठा दिला. अक्कांनी कडेचे दोन धागे काढून काडी लावली. सूत कागदासारखं जळतं, रेशमाला केस जळल्याचा वास येतो. हा धागा आकसला, वितळला आणि टोकाला कडक काळा मणी झाला. पॉलिस्टर! त्याच महिन्यात सोलापूरहून गाडीने बदामी गाठलं आणि तिथून गुळेदगुड्ड, कर्नाटकातलं खणाचं गाव. तिथे खड्ड्यात पाय सोडून बसलेले विणकर बघितले. खणाचा पन्हा अरुंद असतो, साधारण 31 इंच, आणि दोन्ही कडांना काठ. म्हणून कापताना आधी बाह्या काढायच्या, काठ बरोबर दंडावर यावा असा. उरलेल्यात पाठ आणि पुढचे भाग बसवायचे. घाईत उलटं केलं की काठ वाया. खणाची खरी मजा अशी की त्यात स्वतःचेच दोन-तीन रंग असतात, त्यामुळे सुती साडीवर तो उठून दिसतो आणि रेशमावरही मिसळतो.

त्याच खणाने एकदा मला खाली मान घालायला लावली. लाल खणाचा रंग एका गिऱ्हाइकाच्या आईच्या मोतिया महेश्वरीवर उतरला, डाव्या खांद्यापाशी, तळहाताएवढा. साडी आईची आठवण होती. भरपाई दिली, पण त्या काहीच बोलल्या नाहीत तेच जास्त लागलं. त्यानंतर आमच्याकडे कात्री आधी कधीच चालत नाही. कापड रात्रभर भिजतं, सावलीत वाळतं, मग त्यावर ओलं पांढरं फडकं ठेवून गरम इस्त्री दाबायची. फडक्याला रंग लागला तर पुन्हा भिजवायचं. तिसऱ्यांदाही लागला तर ते कापड आम्ही शिवत नाही. याने गिऱ्हाइकाला दोन दिवस जास्त थांबावं लागतं. थांबावं.

2020 मध्ये टाळेबंदीत मास्क शिवून घरभाडं निघालं. आता मशीन सहा आहेत, बायका आठ. ओढण्या आणि साधे सुती कुर्ते गेल्या काही वर्षांत सुरू केले, त्यांनाही तीच अट: कुर्ता निदान तीन ओढण्या-सलवारींवर गेला पाहिजे. कपाटात आधीच चालण्यासारखं काही असेल तर नवीन शिवू नका असं आम्ही सांगतो. त्या दिवशीचा गल्ला कमी होतो, पण त्या बाई बहिणीला घेऊन परत येतात.

परवा ताई आल्या होत्या, 2017 साली शिवलेला विटकरी खणाचा ब्लाऊज घेऊन. दंडात घट्ट होतोय म्हणाल्या. अक्कांनी बाजूची शिवण उसवली आणि दोन्ही बाजूंची माया उलगडून खिडकीपाशी धरली. बाहेरचं कापड फिकटलेलं, आतली दीड इंचाची पट्टी मात्र नवी कोरी विटकरी. ताई बराच वेळ त्या पट्टीवरून बोट फिरवत राहिल्या. मग पिशवीतून एक नवी इरकल काढून म्हणाल्या, "हिच्यावर जाईल का गं?"

काठ बघितला. जात होता.