छापलेलं पुस्तक पोचवायचं कसं, सगळा धंदा तिथेच आहे

बरेच जण विचारतात की वर्षाला पाच-सहा पुस्तकं काढणारी तुमची एवढीशी प्रकाशन संस्था टिकली कशी आणि वाढली कशी. सरळ सांगतो, आम्ही दुसऱ्यांची पुस्तकं विकायला लागलो म्हणून. आमच्या स्वतःच्या पुस्तकांनी नाव मिळवून दिलं, पण गोडाऊनचं भाडं, पोरांचे पगार आणि प्रेसचं बिल भागवलं ते वितरणानं. प्रकाशनात उतरायचं म्हणणाऱ्या नव्या पोरापोरींना हे कुणी सांगत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

आधी हिशोब बघा. पुस्तकाची किंमत २५० रुपये धरू. दुकानदाराला ३५-४० टक्के सुटतात, मधे वितरक असेल तर सगळं मिळून ५० टक्क्यांपर्यंत जातं. लेखकाची रॉयल्टी १० टक्के. म्हणजे आपल्या हातात राहिले १०० रुपये, त्यातून कागद, प्लेटा, छपाई, बाइंडिंग, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन, अक्षरजुळणी सगळं करायचं. बरं हे १०० रुपये तरी लगेच येतात का, तर नाही, माल जातो कन्साइनमेंटवर, विकला तर पैसे, नाहीतर सहा-आठ महिन्यांनी कोपरे दुमडलेल्या आणि मागे किमतीचं स्टिकर चिकटलेल्या प्रती परत. ते स्टिकर ओढलं की लॅमिनेशन निघतं आणि ती प्रत कायमची सेकंड होते. प्रेसवाला आणि कागदवाला मात्र तेवढा थांबत नाही, त्यानं का थांबावं. पुस्तक चांगलं असूनसुद्धा लहान प्रकाशक बुडतो तो इथे, पैसा अडकून. आमचेही एका वितरकाकडे असे पैसे अडकले होते आणि तयार असलेलं पुढचं पुस्तक त्यामुळे पेजमेकिंग होऊन पडून राहिलं.

तेव्हा ठरवलं की पुस्तकं आपणच विकायची, आणि फक्त आपली पाच-सहा टायटलं घेऊन टेबल मांडलं तर माणूस दोन मिनिटं पण थांबत नाही, म्हणून नांदेड, कोल्हापूर, जळगाव, सावंतवाडी अशा ठिकाणच्या लहान प्रकाशकांची पुस्तकं ठेवायला घेतली, ज्यांना पुण्यातल्या पुस्तकबाजारात, म्हणजे अप्पा बळवंत चौकात, कुठल्याच दुकानात नीट जागा मिळत नव्हती. व्याख्यानमाला, कॉलेजचे कार्यक्रम, साहित्य संमेलनातला स्टॉल, २०२३ पासून फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव सुरू झाला तो, सगळीकडे टेबल. सोबत व्हॉट्सॅपवर यादी. रोख पैसा फिरायला लागला तो यातून.

पण पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे टेबलामागे उभं राहिलं की वाचक दिसतो. कोण कुठलं पुस्तक उचलतो, आधी मलपृष्ठ वाचतो की थेट किंमत बघतो, काय मागतो आणि ते बाजारात नाहीच, हे सगळं कळतं. आमची निम्मी पुस्तकं अशी लोकांनी मागितली म्हणून निघालीयत.

ही वाट आमच्या आधी ग्रंथालीनं दाखवलेली आहे हे आवर्जून सांगायला पाहिजे. १९७४ साली मुंबईत दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी सुरुवात केली ती वाचक चळवळ म्हणून, म्हणजे आधी वाचक जोडायचा, त्याला पुस्तक परवडेल अशा किमतीत द्यायचं आणि प्रदर्शनं घेऊन गावोगाव जायचं. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली तिथूनच आलं, लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ १९८० ला, आणि त्याला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी मिळालं. माझं ठाम मत आहे की अशी पुस्तकं काढायची हिंमत होते ती वाचक आधीच जोडलेला असतो म्हणून.

आता गावाकडच्या वाचनालयांबद्दल. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे राज्यात हजारो अनुदानित वाचनालयं उभी आहेत, अ ब क ड वर्गवारीची, ड म्हणजे सगळ्यात लहान, आणि शहरातले बरेच प्रकाशक ड वर्गाकडे बघतच नाहीत. अनुदानाचा हप्ता बहुतेक वेळा उशिरा येतो आणि मग मार्चमध्ये सगळी खरेदी एकदम. जत तालुक्यातल्या एका वाचनालयाचे ग्रंथपाल दर मार्चला फोन करतात, “सर, बिल ३१ च्या आतलं पायजे बघा, आणि मागच्या खेपेला पाठवलं तसलं बायकांनी लिहिलेलं अजून काय असंल तर टाका, आमच्यातल्या बायका मागायल्यात.” अशा गिऱ्हाईकासाठी आम्ही रात्री थांबून पार्सल बांधतो. आधी प्लॅस्टिक, मग पुठ्ठा, चारी कोपऱ्यांना जाडसर घडी, वरून सुतळी, कारण पार्सल कुठेही आपटलं तरी मार कोपऱ्यालाच बसतो.

आणि पोस्ट! डिसेंबर २०२४ मध्ये रजिस्टर्ड बुक पोस्ट, म्हणजे पुस्तकं स्वस्तात पाठवायची पोस्टाची सोय, अचानक बंद झालं तेव्हा आमच्यासारख्यांचे हातपायच गळाले, कुरियरनं दीडशेचं पुस्तक पाठवायला साठ-सत्तर रुपये कोण देणार, आणि कित्येक खेड्यांत कुरियर जातच नाही. १ मे २०२५ पासून त्याजागी पोस्टाचं ज्ञान पोस्ट सुरू झालं, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १००, वर कर, ट्रॅकिंगसकट. तेव्हा कुठे जीवात जीव आला. एका वाचकापर्यंत एकच पुस्तक पाठवता येणं ही आमच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे.

त्यात सप्टेंबर २०२५ पासून कागदावरचा जीएसटी १२ चा १८ टक्के झाला. पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, त्यामुळे कागदावर भरलेला कर परत मिळवायची सोय नाही, तो सरळ खर्चात जातो. किंमत वाढवायची तर वाचनालयाच्या त्याच अनुदानात प्रती कमी बसतात. म्हणून आता पहिली आवृत्ती हजाराऐवजी पाचशेची काढतोय आणि पूर्वनोंदणीवर जोर देतोय. प्रतीमागे खर्च थोडा जास्त पडतो पण पैसा आणि गोडाऊन दोन्ही मोकळं राहतं.

तुम्ही बाहेरगावचे लहान प्रकाशक असाल आणि पुण्यात पुस्तक ठेवायला जागा नसेल तर यादी नक्की पाठवा, पाच प्रतींपासून घेतो. विकलेल्या प्रतींचा हिशोब दर महिन्याच्या दहा तारखेला देतो, आणि उरलेल्या प्रती परत पाठवतो तेव्हा त्यांच्यावर स्टिकर नसतं.