कागद फाडण्याआधी

जलरंग शिकायला येणारं जवळजवळ प्रत्येक जण मला कधी ना कधी विचारतं, "चित्र बिघडलं की तुम्ही काय करता?" मनातला प्रश्न बहुधा वेगळाच असतो. बिघडेल या धास्तीने हातच उठत नाही, त्याचं काय करायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मी कागद फाडायचे. कितीतरी वर्षं. जलरंगात खोडरबर चालत नाही. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पसरलेला थर, अर्धवट वाळलेला असताना ब्रशमधून पाण्याचा एक थेंब पडला, की ते पाणी पसरत जातं, रंगाचे कण ढकलत कडेला नेतं आणि तिथे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी दातेरी कड उमटते. पुसायला जाल तर चिखल. एकदा असा थेंब पडला तो शेवटच्या कागदावर, म्हणून नाइलाजाने तो तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहते तर त्या डागात झाडाचा शेंडा दडलेला. वेडावाकडा, वाऱ्याने पिंजलेला. असं झाड मी ठरवून कधीच काढलं नसतं. माझी झाडं तेव्हा शाळेच्या गणवेशात उभी असल्यासारखी असायची! माझ्या सवयीतून मला बाहेर काढलं ते त्या थेंबाने. कोऱ्या कागदाला ते जमलं नसतं, कारण त्यावर मी पुन्हा तेच काढलं असतं.

रवींद्रनाथ ठाकूर कवितेच्या हस्तलिखितात खोडलेले शब्द तसेच सोडून देत नसत. एक खाडाखोड दुसरीला जोडत जायचे, आणि त्यातून पक्षी, चेहरे, कुठल्याच जंगलात नसलेले प्राणी तयार व्हायचे. लेखणीचा हा चाळा वाढत वाढत स्वतंत्र चित्रांपर्यंत गेला. १९३० मध्ये पॅरिसला त्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. मला यातलं वय फार आवडतं. आणि हेही, की सुरुवात रद्द केलेल्या ओळींपासून झाली.

पण प्रत्येक डागाचं झाड होत नाही. माझ्याकडे निव्वळ चिखल झालेले कागद गठ्ठ्याने आहेत, आणि कच्चं काम "हीच माझी शैली" म्हणून खपवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. मायकलअँजेलोने १५०१ मध्ये 'डेव्हिड'साठी घेतलेली संगमरवराची शिळा दुसऱ्याने कोरायला घेऊन सोडून दिलेली होती. शिवाय ती अरुंद. तिच्यातून मूर्ती निघाली, कारण छिन्नी धरणाऱ्या हाताला दगड कळत होता.

परवा वर्गात एकीचा थेंब पडला. कागद चुरगाळायला हात गेलाच होता तिचा. "टाकू ना ताई?"

म्हटलं, "सुकू दे आधी."