पोस्टेज मीटर भाड्याने घ्यायचंय? आधी महिन्याची पाकिटं मोजा

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये माझं बुककीपिंग आणि टॅक्सचं छोटं ऑफिस आहे. मी आणि एक मदतनीस, बस्स. पण टपाल भरपूर. हल्ली सगळं ईमेलनेच जात असेल असं लोकांना वाटतं. माझी निम्मी गिऱ्हाइकं साठीच्या पुढची आहेत आणि त्यांना कागद हातात लागतो. जानेवारीत 1099 आणि डब्ल्यू-2 फॉर्म (वर्षभराच्या मिळकतीचे आणि पगाराचे दाखले) 31 तारखेच्या आत रवाना करायचे, मार्च-एप्रिलमध्ये रिटर्नच्या जाड प्रती आणि वर्षभर आयआरएसच्या (अमेरिकी कर खात्याच्या) नोटिसांना उत्तरं. एरवी महिन्याला दीडशे-दोनशे पाकिटं निघतात, सीझनला चारशेच्या वर.

आमचं जुनं पोस्टेज मीटर, म्हणजे पाकिटावर तिकिटाऐवजी टपालखर्च छापणारं मशीन, 2024 च्या अखेरीस बाद झालं. मशीन ठणठणीत होतं, पण अमेरिकन पोस्टाने आयएमआय नावाचा नवा बारकोड छापणारीच मीटर पुढे चालू ठेवायची असं ठरवलं होतं. त्या सुमाराला छोट्या दुकानदारांना आणि दवाखान्यांना कंपन्यांचे फोन सुरू झाले : ‘तुमचं मीटर बंद होणार, आजच नवा करार करा.’ माझी डेंटिस्ट मैत्रीण असा एक करार घेऊन माझ्याकडे आली. “अगं, तू आकड्यांतली माणूस, सही करण्याआधी एकदा बघ,” म्हणाली. तो करार वाचला आणि ठरवलं की हे सगळं मराठीत एकदा लिहून ठेवायचं. आपल्यापैकी कितीतरी जण इथे एकट्याच्या बळावर धंदा करतात आणि असल्या कागदांवर फोनवरच हो म्हणून मोकळे होतात.

पहिली गोष्ट म्हणजे अमेरिकेत पोस्टेज मीटर विकत मिळतच नाही. ते मशीन पैसेच छापतं म्हणा ना, त्यामुळे मालकी कंपनीची आणि नियंत्रण पोस्टाचं. 1920 साली पिटनी आणि बोज यांच्या मीटरला पोस्टाने मान्यता दिली. आजही मान्यता असलेल्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच : पिटनी बोज, क्वाडियंट (पूर्वीची निओपोस्ट), एफपी आणि डेटा-पॅक. पाकिटं ओढणारा खालचा भाग किंवा वजनकाटा विकत घेता येतो, पण मीटर भाड्यानेच. म्हणून ऑनलाइन लिलावात स्वस्तात दिसणाऱ्या जुन्या मशीनच्या नादी लागू नका, ते तुमच्या नावावर चालू होणार नाही.

आता पैशांचं. जुलै 2025 च्या दराने साध्या एक औंसाच्या पत्राला तिकीट 78 सेंट आणि मीटरने 74. म्हणजे पाकिटामागे चार सेंट वाचतात. सगळ्यात लहान मीटरचं भाडं महिना 25 डॉलर धरलं, तर निव्वळ या सवलतीतून ते भरून निघायला महिन्याला 625 पत्रं लागतात. माझी सीझनलासुद्धा तेवढी होत नाहीत. त्यात ही सवलत फक्त पत्राच्या आकाराच्या पाकिटांना आहे. रिटर्नच्या प्रती ज्या मोठ्या, सपाट पाकिटांतून जातात, त्यांना तिकीट आणि मीटर दोन्हींचा दर सारखाच.

मग मी मीटर का ठेवते? जाड पाकिटांसाठी. अंदाजाने एक तिकीट जास्त लावलं की 78 सेंट गेले, आणि कमी लावलं तर पाकीट परत तरी येतं किंवा गिऱ्हाइकाच्या दारात पैसे मागितले जातात. टॅक्सचे कागद असे परत आलेले मला चालत नाहीत. काट्यावर ठेवलं की औंसाप्रमाणे बरोबर छापलं जातं. शिवाय कुठल्या गिऱ्हाइकाच्या खात्यावर किती टपाल टाकायचं तेही मशीन नोंदवतं, महिनाअखेरीला बिलात धरता येतं. माझ्या लेखी मीटरची खरी किंमत ही आहे, चार सेंटांची नाही. तुमच्याकडे नुसती साधी पत्रं जात असतील आणि तीही महिन्याला शंभराच्या आत, तर मी सांगेन की फॉरेव्हर तिकिटांची गुंडाळी घ्या. दर वाढले तरी ती चालतात.

मधला मार्ग म्हणजे कॉम्प्युटरवरून टपालखर्च पाकिटावर छापणं. स्टॅम्प्स डॉट कॉमसारख्या सेवेत महिना वीसेक डॉलर पडतात, पत्राला मीटरचाच सवलतीचा दर लागतो, आणि शाईची वेगळी कार्ट्रिज लागत नाही. मैत्रिणीला मी शेवटी हाच सल्ला दिला. तिच्या दवाखान्यातून जातात त्या सहामाही तपासणीच्या आठवणी आणि थोडी बिलं. त्यासाठी टेबलाचा कोपरा अडवणारं मशीन कशाला?

तिच्यासमोर आलेल्या त्या कराराचं सांगते. पहिल्या पानावर महिन्याचं भाडं ठळक, अगदी वाजवी. आतल्या पानांत मुदत 60 महिने, मध्येच सोडता येणार नाही. मशीन बिघडो, दवाखाना बंद पडो, राहिलेले सगळे हप्ते देणं बंधनकारक. मुदत संपण्याआधी ठरावीक दिवसांत लेखी कळवलं नाही, तर करार आपोआप पुढे चालू. भाडं दर वर्षी वाढवायचा अधिकार कंपनीचा. मशीनमध्ये टपालाचे पैसे भरायचे तर दर वेळी वेगळं शुल्क, आणि ते उधारीवर भरले तर व्याज. हे सगळं कायदेशीर असतं, आणि म्हणूनच सहीच्या आधी वाचायचं. 25 डॉलर गुणिले 60 महिने म्हणजे 1,500 डॉलर. एवढ्या रकमेची वस्तू आपण दुकानात हजार वेळा हाताळून घेऊ, पण फोनवरच्या गोड आवाजाला मात्र लगेच हो म्हणतो.

मी नवं मीटर घेतलं तेव्हा भाड्याचा आकडा सगळ्यात शेवटी विचारला. आधी विचारलं, एका वर्षाचा करार मिळेल का? मिळतो, पण मागावा लागतो, विक्रेता आपणहून सांगत नाही. मग पैसे भरण्याचं शुल्क, पोस्टाचे दर बदलले की मशीनमध्ये नवे दर भरून द्यायचं शुल्क आणि शाईच्या कार्ट्रिजची किंमत, सगळं ईमेलवर लेखी मागितलं. कार्ट्रिज त्याच कंपनीची घ्यावी लागत असेल, तर स्वस्त भाड्यातली बचत तिथेच निघून जाते. दोन कंपन्यांची कोटेशनं एकमेकींना दाखवली तेव्हा भाडं खाली आलं. भाजी घेताना घासाघीस करणारी आपण माणसं, इथे कशाला लाजायचं?

टॅक्सचं काम करणाऱ्यांनी आणि स्वतःचं रिटर्न कागदावर भरणाऱ्यांनी पुढचं नीट वाचा. मीटरने छापलेली तारीख म्हणजे पोस्टाचा शिक्का नव्हे. 15 एप्रिलची, म्हणजे रिटर्नच्या शेवटच्या दिवसाची, तारीख आपल्या मीटरने छापली आणि पाकीट आयआरएसकडे नेहमीपेक्षा उशिरा पोहोचलं, तर ते वेळेत टाकलं होतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपली. पोस्टाचा शिक्का असेल तर कायदा पाठीशी उभा राहतो. म्हणून मुदतीचं कुठलंही पाकीट मी ऑफिसातून पाठवून मोकळी होत नाही. सर्टिफाइड मेलचा (पावती मिळणाऱ्या टपालाचा) फॉर्म भरायचा, पोस्टाच्या खिडकीवर जायचं, आणि पावतीवर कर्मचाऱ्याकडून गोल शिक्का मारून घ्यायचा. 15 एप्रिलला रांग दारापर्यंत जाते, तरी उभं राहायचं. गिऱ्हाइकाचा दंड वाचवणारा कागद आहे तो, फाइलमध्ये जपून ठेवायचा.

जुनं मीटर परत करताना एवढं सांभाळा : आधी कंपनीकडून परतीचं अधिकृत पत्र किंवा लेबल घ्या, आतली शिल्लक दाखवणारी पट्टी छापून फोटो काढा, आणि ट्रॅकिंग नंबर असल्याशिवाय खोकं हातातून सोडू नका. मीटरमध्ये उरलेले टपालाचे पैसे तुमचेच असतात, त्यांचा परतावा मिळतो, मात्र तो मागायचा अर्ज त्याच वेळी भरून द्या.