विमानाने अंटार्क्टिका: धुक्याचे तीन दिवस आधीच हिशेबात धरा

"दोन तासांत अंटार्क्टिका, समुद्र लागायची भीतीच नाही," असं सांगून सहल विकणाऱ्याने आम्हाला पाठवलं. विमान खरंच दोन तासांत पोहोचतं, पण उडालं तर. मी आणि माझा मेव्हणा पुंता अरेनासच्या हॉटेलात तीन दिवस बॅगा भरून बसलो होतो. जहाजावरच्या सहा रात्रींपैकी तीनच हाती लागल्या. माणशी दहा लाखांच्या वर पैसे मोजून कोल्हापुरातून कुणी निघणार असेल, तर त्याने हे आधी वाचावं.

चिलीच्या दक्षिण टोकाच्या पुंता अरेनासहून अंटार्क्टिकाच्या किंग जॉर्ज बेटावर विमान जातं आणि जहाज तिथे वाट बघत असतं. त्यामुळे ड्रेक पॅसेजचा ८०० ते १००० किलोमीटरचा खवळलेला समुद्र टळतो. बोटीने त्याला जवळपास दोन दिवस लागतात आणि पोटातलं काही पोटात राहत नाही, असं म्हणतात. पण बेटावरची धावपट्टी खडीची, जेमतेम १३०० मीटरची. वैमानिकाला ती डोळ्यांनी दिसावी लागते. धुकं उतरलं की संपलं. सकाळी सहाला फोन यायचा, "तयार राहा." नऊला दुसरा, "आज नाही." आम्ही इकडे अडकलो तसे आमच्या आधीचे प्रवासी तिकडे जहाजावर अडकले, कारण परत यायला त्यांना तेच विमान हवं होतं. त्यांना फुकटात जास्तीचे दिवस मिळाले, आमचे तेवढे कापले गेले.

करारात हे सगळं लिहिलेलं होतं. हवामानामुळे दिवस कमी झाले तर पैसे परत मिळणार नाहीत, हे वाक्य चौदाव्या पानावर होतं. ज्याने आम्हाला हे विकलं त्याला मी तीन वेळा विचारलं होतं, "धुकं आलं तर?" दर वेळी एकच उत्तर, "साहेब, तसं क्वचित होतं." तिथल्या हॉटेलवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, हे दर हंगामात होतं. म्हणून पैसे भरण्याआधी लेखी घ्या: विमान किती दिवस थांबलं तर काय मिळणार, हॉटेलचा खर्च कुणाचा आणि सहल रद्द कधी होते. विम्यात उशीर आणि तिथून रुग्णाला हलवण्याचा खर्च, दोन्ही आहेत का ते बघा. परतीचं तिकीट सहल संपल्याच्या दुसऱ्याच दिवसाचं काढू नका. आम्ही तेच केलं होतं आणि सान्तियागोहून नवीन तिकिटं काढताना घाम फुटला.

दुसरी लूट सामानाची. 'पोलर किट' म्हणून माणशी ४२ हजार आमच्याकडून घेतले. जहाजावर रबरी गमबूट आणि जाड जाकीट वापरायला मोफत मिळालं! वर विमानात हातातल्या बॅगेसकट २० किलोचीच मुभा होती, त्यामुळे ती किटची बॅग तशीच हॉटेलात राहिली. आतले थर्मल, पाणी न शिरणारी पँट, दोन जोड हातमोजे, लोकरीचे मोजे आणि गॉगल एवढंच घ्या. चटणी, लोणचं नेणार असाल तर चिलीत उतरताना घोषणापत्रात लिहा. तिथे तपासणी कडक असते आणि लपवलेलं सापडलं तर दंड होतो.

चौथ्या दिवशी विमान उडालं. उतरल्यावर गाडी येईल असं वाटलं होतं, पण धावपट्टीपासून किनाऱ्यापर्यंत चालतच जावं लागतं. अंतर फार नाही, दीड-दोन किलोमीटर, पण चिखल, खडी आणि समोरून वारा. पावसाळ्यात पन्हाळा-पावनखिंड केलेल्या माणसाला ते जड नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी मात्र नीट विचार करावा, कारण पुढे बोट लागायला धक्काही नाही. रबरी बोटीत पाण्यातूनच चढायचं आणि खलाशाचा हात पंजाने न धरता मनगटाच्या वर धरायचा. मेव्हण्याने पंजा धरला, पकड सुटली आणि तो कमरेपर्यंत भिजला.

आम्ही परतल्यावर गल्लीत पहिला प्रश्न आला, "मैत्री बघितलं का?" नाही. आपली मैत्री आणि भारती ही संशोधन केंद्रं खंडाच्या पार दुसऱ्या अंगाला आहेत, या सहलीत ती येत नाहीत. किंग जॉर्ज बेटावर दिसतो तो चिलीचा फ्रेई तळ, आणि शेजारच्या टेकडीवर रशियनांचं लाकडी चर्च.

जहाजावर चढल्यावर पहिलं काम कपड्यांच्या तपासणीचं. बाहेरचं बी त्या जमिनीवर जाऊ नये म्हणून. माझ्या पँटच्या वेल्क्रोत मसाई पठारावरच्या गवताची कुसळं निघाली, एक-दोन नव्हे, अकरा. तिथल्या मुलीने चिमट्याने एकेक काढून कागदावर ठेवली आणि मग व्हॅक्यूम फिरवला. जाण्याआधी बूट, बॅगा, वेल्क्रो घरीच ब्रशने घासा, तिथे तास-दीड तास वाचेल.

जहाज निवडताना माणसं किती, एवढं विचाराच. एका वेळी किनाऱ्यावर शंभरच जण उतरू शकतात आणि पाचशेच्या वर प्रवासी असलेल्या जहाजातून कुणालाच उतरवत नाहीत. आमचं जहाज सत्तर जणांचं, म्हणून उरलेल्या तीन दिवसांत पाच वेळा उतरता आलं. लेमेर सामुद्रधुनी, पॅराडाइज बे सगळं सुंदर, फोटो सगळीकडे आहेतच. कुव्हरव्हिल बेटावर मात्र मी एका जागी चाळीस मिनिटं उभा होतो. पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं, आणि बर्ड फ्लूमुळे जमिनीवर बसायलाही मनाई. एक जेंटू पेंग्विन चोचीत एक खडा घेऊन आला, घरट्यावर ठेवला, परत गेला, दुसरा घेऊन आला. शेजारचा तो खडा चोरत होता. वास इतका उग्र की डोळ्यांतून पाणी आलं, पण निघावंसं वाटेना. रात्री अकरालाही उजेड होता.

वेळ असेल आणि पोट घट्ट असेल तर अर्जेंटिनातल्या उशुआयाहून बोटीनेच जा, असंच मी सांगेन. उलट्या होतील, पण धुक्यासाठी ताटकळावं लागणार नाही. समुद्र अजिबात सोसत नसेल तरच विमान. आणि विमानाने जाणार असाल तर पुढे-मागे मिळून सहा दिवस मोकळे ठेवून मगच मुंबईचं तिकीट काढा.