खांदा देण्याआधी

कोल्हापुरात, निदान आमच्या पेठेत, माणूस गेला की घरच्यांना फारसं काही बघावं लागत नाही. कुणीतरी कोपऱ्यावरच्या फलकावर नाव लिहितं, कुणी डॉक्टरांच्या दाखल्यामागे लागतं, कुणी पंचगंगेवर पुढे जातं. स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही. तिथल्या शेणी, म्हणजे गोवऱ्यासुद्धा, लोकांनी दिलेल्या असतात. होळी लहान करून उरलेल्या शेणी स्मशानभूमीला देणारी मंडळं इथे दरवर्षी निघतात. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनालाही माणसं जमतात. माझे वडील, आण्णा, गेले तेव्हा हे सगळं झालं. तासाभरात गल्ली भरली होती.

मला सांगायचंय ते त्याआधीच्या अकरा आठवड्यांचं. त्यातले पहिले पाच आठवडे आमच्या मदतीला कुणीही नव्हतं.

आण्णा उद्यमनगरात फाउंड्रीत मोल्डर होते. तंबाखू आयुष्यभर. गालाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, लाइट म्हणजे रेडिएशन दिलं. त्याचा बराचसा खर्च महात्मा फुले योजनेत बसला, हे खरंच मोठं होतं. वर्ष नीट गेलं आणि मग गाठ मानेत परत आली. ज्या दवाखान्यात उपचार चालू होते तिथे एका सकाळी व्हरांड्यात उभ्या उभ्या मला सांगितलं, "आता घरी न्या. करण्यासारखं काही राहिलं नाही." हातात डिस्चार्ज कार्ड आणि त्यावर दोन वेदनाशामक गोळ्या. ते वाक्य खरं नव्हतं, हे मला पाच आठवड्यांनी कळलं. त्या पाच आठवड्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

घरी काय झालं ते स्पष्टच लिहिते, कारण ज्यांच्या घरात हे चालू आहे त्यांना वाटतं की आपल्याच घरात असं आहे. गालावरची जखम उघडी पडली. तिला वास यायला लागला. धूप लावला, अत्तराचे बोळे ठेवले, खिडक्या उघड्या टाकल्या. वास जिन्यापर्यंत जायचा. बघायला येणारी माणसं दारातूनच "बरंय का?" विचारून परत फिरायला लागली. आण्णांनी स्वतःच तोंडावर टॉवेल धरायला सुरुवात केली. ज्या माणसाच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी तालमीतली चार म्हातारी बसायची, तो माणूस भिंतीकडे तोंड करून झोपायला लागला. दुखणं तर होतंच. रात्री अडीच-तीनला ते उठून बसायचे आणि पलंगाची कड धरून हलत राहायचे. ओरडायचे नाहीत. शेजारी ऐकतील म्हणून.

आईचं एकच वाक्य असायचं, "मी बसतो हितं, तू जा, झोप जा." ती स्वतः कधी झोपायची ते मला माहीत नाही.

मॉर्फिन हे नाव मला ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सांगितलं. त्याच्या सासूबाईंना ते मिळालं होतं. मी चिठ्ठी नसताना तीन मेडिकलमध्ये विचारलं, तिन्ही ठिकाणी मान हलली. नंतर समजलं की साध्या दुकानात ते सहसा नसतंच. मॉर्फिन अफूपासून होतं आणि 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे त्यावर कडक नियंत्रण आहे. 2014 मध्ये कायदा बदलला आणि देशभर एकच पद्धत आली: मान्यता मिळालेल्या संस्थेत, प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते ठेवता आणि देता येतं. प्रत्येक गोळीची नोंद होते. मला सगळ्यात जास्त याचं वाईट वाटलं की ही अफू आपल्याच देशात, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने पिकते आणि तरी रात्री अडीच वाजता माझे वडील पलंगाची कड धरून बसतात.

त्या सहकाऱ्यानेच पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या, डॉक्टरांचा पत्ता दिला. अशा पेशंटसाठी पुण्यात वारज्याला सिप्ला या औषध कंपनीचं केंद्र 1997 पासून आहे, तिथे पेशंटकडून पैसे घेत नाहीत. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन 1986 पासून आहे. दादा पुण्यातच नोकरीला, तो म्हणाला इकडेच आणूया. आण्णा नाही म्हणाले. "जे काय व्हायचं ते हितंच. पंचगंगा सोडून मी कुठं जात नाही." मग डॉक्टरच घरी आले, सोबत एक सिस्टर.

त्या पहिल्या भेटीत दीड तास गेला आणि त्यातला बराच वेळ डॉक्टर काही करत नव्हते, ऐकत होते. दुखणं कुठे, कसं, कधी वाढतं, दहापैकी किती. मग विचारलं, "आण्णा, कसली काळजी लागून राहिलीय?" आम्ही सगळे ताठ झालो, कारण घरात ठरलं होतं की आण्णांना आजार परत आल्याचं सांगायचं नाही. "गाठ सुजलीय, उतरेल," असं चाललं होतं. आण्णा म्हणाले, "मला सगळं ठावं हाय. ही पोरं नाटक करत्यात, म्हणून मी बी करतोय." आई पदराने तोंड झाकून आत गेली. मग त्यांनी सांगितलं: पतसंस्थेचं कर्ज आहे, त्याला एक मित्र जामीन आहे, आपण गेल्यावर तो अडकेल. इतके दिवस आम्ही हा माणूस दुखण्याने जागा आहे असं समजत होतो. दुसऱ्याच दिवशी दादाने तो हिशेब मिटवला. लंडनमध्ये 1967 साली आधुनिक हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या आजाऱ्यांना सांभाळणारं केंद्र, सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स सांगायच्या की वेदना शरीराची, मनाची, नात्यांची आणि श्रद्धेची मिळून एकच असते. हे मी नंतर वाचलं. आधी आमच्या माजघरात बघितलं.

मॉर्फिन सुरू झालं ते घड्याळावर. सकाळी सहा, दहा, दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहाला जास्तीचा डोस, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. दुखायला लागल्यावर द्यायचं नाही, दुखायच्या आधी द्यायचं, हे सिस्टरनी तीनदा बजावलं. सोबत पोट साफ होण्याची गोळी पहिल्या दिवसापासून, कारण बद्धकोष्ठ होतंच. पहिले काही दिवस मळमळीचीही. काकांनी विचारलं, "सवय लागंल की वो?" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "वेदनेसाठी मोजून दिलेल्या औषधाचं व्यसन सहसा लागत नाही. आणि आज त्यांना झोप हवी आहे." प्रत्येकाचा डोस वेगळा असतो, तो डॉक्टरांनीच ठरवायचा. दुसऱ्याचं बघून कुणी काही देऊ नये.

पण ज्याने आमचं घर बदललं ते मॉर्फिन नव्हतं. सिस्टरनी मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या मागवल्या, जुलाबावर देतात त्याच. खलबत्त्यात बारीक पूड केली, जखम सलाइनच्या पाण्याने धुतली आणि ती पूड जखमेवर पसरून वर गॉज ठेवला. रोज असं करायचं. चौथ्या दिवशी वास जवळजवळ गेला. काही रुपयांच्या गोळ्या. पाच आठवडे कुणी सांगितलं नाही.

सहाव्या आठवड्यात तालमीतले एक वस्ताद आत आले, अगदी पलंगापर्यंत, आणि आण्णांचा पाय चेपत बसले. दुसऱ्या दिवशी दोघे आले. मग तालमीच्या पोरांनी आपणहून रात्रीच्या पाळ्या लावल्या. दर दोन तासांनी कूस बदलायची असते, नाहीतर पाठीला जखमा होतात, आणि आईला आणि मला ते उचलणं झेपत नव्हतं. पेठ दगडाच्या काळजाची नव्हती. तिला आत कसं यायचं आणि आल्यावर काय करायचं हे माहीत नव्हतं, आणि आम्हालाही बोलवायची लाज वाटत होती.

शेवटच्या आठवड्यात आण्णांनी खाणं सोडलं. हा भाग सगळ्यात अवघड होता. येणारी प्रत्येक बाई म्हणायची, "उपाशी ठिवलायसा व्हय त्यांना? नळीनं तरी घाला." आई ढासळली. सिस्टरनी तिला जवळ बसवून सांगितलं की शरीर आता अन्न मागत नाही, जबरदस्तीने घातलं तर ठसका लागेल, छातीत जाईल. ओठ ओले ठेवा, कापसाने पाणी लावा, हात धरा. मग घशात घरघर सुरू झाली. तीही आम्हाला आधी सांगितली होती, म्हणून आम्ही घाबरून रिक्षा बोलावली नाही. कुशीवर वळवलं, डोकं थोडं उंच केलं. पहाटे पाचच्या सुमाराला आण्णा गेले, आईचा हात हातात होता, तालमीतला एक पोरगा पायाशी होता.

पुढचं पेठेला येत होतंच.

सुतक संपलं आणि घरात एक एअर बेड, एक व्हीलचेअर आणि अर्धवट वापरलेल्या गॉजचा खोका उरला. मागच्याच गल्लीत एका रिक्षावाल्या भावाच्या पोटात पाणी झालं होतं. आईने बेड धुऊन, उन्हात वाळवून त्यांच्याकडे पाठवला आणि माझ्या जुन्या वहीत तारीख लिहिली. वही तिथे सुरू झाली.

माझ्याच भिशीत मी विषय काढला. हप्त्यावर प्रत्येकीने शंभर रुपये जास्त द्यायचे, रुग्णोपयोगी साहित्यासाठी. बारा जणी तयार झाल्या. तालमीच्या मंडळाने गणपतीच्या वर्गणीतला वाटा द्यायचं ठरवलं, तेव्हा मात्र वाद झाला. "आजाऱ्याच्या नावावर पैसा गोळा करायचा, मग हिशेब कोण बघणार?" प्रश्न योग्य होता. ऑडिट करणाऱ्या ओळखीच्या गृहस्थांनी सांगितलं की नोंदणीकृत न्यास नसताना धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम 41 क खाली धर्मादाय कार्यालयाकडे जावं लागतं, गणेश मंडळं जातात तसंच. आमचं मंडळ नोंदणीकृत होतं, पण घटनेतल्या उद्देशांत वैद्यकीय मदत बसते का ते तपासून घेतलं. स्वतंत्र खातं, दोघांच्या सह्या, प्रत्येक रुपयाला पावती. दर महिन्याचा जमाखर्च तालमीच्या फलकावर खडूने लिहितो. साहित्याला अनामत घेतो, नसेल त्याच्याकडून घेत नाही.

एक नियम मी हट्टाने करून घेतला: पेशंटचा फोटो काढायचा नाही आणि कुठल्याही डिजिटल बोर्डावर त्याचं नाव लावायचं नाही. एका देणगीदाराला व्हीलचेअर देतानाचा फोटो पेशंटसोबत हवा होता. वस्तादांनी ती देणगी नम्रपणे परत केली. आण्णांनी तोंडावर धरलेला टॉवेल त्यांनी बघितला होता.

केरळातल्या मलप्पुरमच्या लोकांनी हे कितीतरी मोठ्या प्रमाणावर केलंय. तिकडे शेजारी-शेजारी मिळून घरोघरी अशा आजाऱ्यांना बघतात, पैसा बराचसा गावातल्या छोट्या देणग्यांतून उभा राहतो, आणि सरकारने 2008 मध्ये त्याचं धोरण केलं. आमचं काम एका पेठेपुरतं आहे. डॉक्टर आणि सिस्टर नसतील तर आमची वही काही कामाची नाही, हेही मला पक्कं ठाऊक आहे. बेड आम्ही देऊ शकतो, मॉर्फिन नाही.

मागे राहिलेल्यांचं काम आम्हाला उशिरा सुचलं. रिक्षावाला भाऊ गेला तेव्हा त्याची बायको तिशीची, दोन मुलं शाळेत. दहा-बारा दिवस घरात डबे आले, तेराव्यानंतर थांबले. आता आम्ही महिनाभर आठवड्यातून दोनदा कुणीतरी जातो. बसतो. बोलायचं असेल तर ऐकतो. आणि कागद करतो, कारण त्या दिवसांत कागद सुधरत नाहीत: मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत झाली तर फी लागत नाही, दारिद्र्यरेषेखालच्या घरातला 18 ते 59 वयाचा कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी 20,000 रुपये मिळतात, विधवेला संजय गांधी निराधार योजनेत अर्ज करता येतो. तहसील कार्यालयात त्या ताईंबरोबर मी चार वेळा गेले. चौथ्या खेपेला त्या पहिल्यांदा नवऱ्याबद्दल बोलल्या, बाहेरच्या चहाच्या गाड्यावर, जवळजवळ तासभर.

एअर बेड आता जुना झाला, मोटर बदलून घेतली. परवा तो नऊव्या घरी गेला, आमच्याच पेठेत खालच्या अंगाला. तिथली सून बाळंतीण, सासऱ्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर, मुलगा रात्रपाळीला. सिस्टर औषधांच्या वेळा लिहून देऊन गेल्या होत्या. आई माझ्याबरोबर आली होती. तिने बेडवर चादर कशी ताणायची ते दाखवलं, उशी कुठे द्यायची ते दाखवलं. निघायला म्हणून मी चपला घातल्या तर ती पलंगाजवळच्या स्टुलावर बसली होती.

"मी बसतो हितं," ती त्या सुनेला म्हणाली. "तू जा, झोप जा."